ओट्यावरचा खासगी निरोप

१

फाईल चोरीला गेली हे अस्माला कळलं, ते थेट चोर म्हणूनच.

मंगळवारी सकाळी पुसदमधल्या तिच्या कॉम्प्युटरच्या दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. कुणाला सातबारा काढून हवा होता, कुणाचा प्रिंटर दोन दिवसांपासून रुसला होता. तेवढ्यात राखी आत आली. महागावकडच्या तांड्यावरची ही एकोणीस वर्षांची मुलगी. दोन वर्षं अस्माकडे कॉम्प्युटर शिकली होती, अस्माची लाडकी होती. आज तिनं दारात चपलाही काढल्या नाहीत.

"अस्माताई, माही फाईल कुठं आहे?"

"कोणती फाईल?"

"दहावी, बारावी, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी. सगळे ओरिजिनल. लालीकाकीनं तिच्या घरी गव्हाच्या कोठीत लपवून ठेवलते. आज पाह्यलं तं नुसते गहू."

अस्मानं हातातला कागद खाली ठेवला. राखीचा यवतमाळला नर्सिंगला नंबर लागला होता. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागद दाखवायचे, नाही तर जागा खालच्या नंबराला जाणार. घरी राखीच्या बापूंना यातलं काही माहीत नव्हतं. किसनसिंग नायक म्हणजे तांड्याचे प्रमुख, आणि त्यांनी पोरीसाठी स्थळ पाहून ठेवलं होतं. हे सगळं राखीनंच तिला सांगितलं होतं.

"मंग मले काहून विचारून राह्यली?"

"कारण कोठीत आहे हे काकीनं फक्त मले कळवलं. तेबी तोंडानं नाही. रविवारी, ओट्यावर, खासगी निरोपात. मी वाचला अन् पुसला. सोमवारी सकाळी काकीनंबी पुसला. मंग तिसऱ्याले कसं कळलं?" राखीचा आवाज फाटला. "मशीन तं तुमच्याच मागच्या खोलीत आहे न?"

प्रिंटरवाल्या गिऱ्हाइकानं मान वळवून मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग अस्माकडे पाहिलं. मग तो प्रिंटर तसाच सोडून उठला.

२

ओटा हे अस्माचं खूळ होतं, असं तिच्या घरचेही म्हणत.

मागच्या खोलीत एक जुनं मशीन चोवीस तास घुमत असे. त्यावर मोबाईलवरून गप्पा मारायची, निरोप पाठवायची एक मोफत प्रणाली चालायची, जिचा आतला कोड कुणीही उघडून पाहावा. जगात अशी हजारो लहान मशीनं आहेत. ती एकमेकांशी बोलतात आणि त्यांचा कुणी एक मालक नाही. आपल्या गप्पा कुठल्या तरी कंपनीला कशाला विकायच्या, आपला ओटा आपण बांधू, असं सांगत अस्मा तीन वर्षं पुसद-महागाव फिरली होती. जमली किती माणसं? एकशे त्रेचाळीस. आणि त्यांचे प्रश्न काय? "यात फुलावालं गुड मॉर्निंग काहून येत नाही?" "मॅडम, पासवर्ड विसरलो, माहा पासवर्ड सांगा न." तुमचा पासवर्ड मला माहीत नसतो म्हटलं की, "मंग तुम्ही मालक कायच्या?"

तरी तिनं प्रत्येकाला समोर बसवून एक गोष्ट सांगितली होती. मशीन सांभाळणाऱ्यानं ठरवलं तर निरोप वाचता येतात, पण मी वाचणार नाही. पहिला भाग सांगायची काही गरज नव्हती. खरं बोलायची हौस, दुसरं काय! आता लोकांना नेमका तेवढाच भाग आठवत होता.

दुपारपर्यंत राखीनं रागाच्या भरात नंबर, फाईल, सगळं ओट्यावर उघड लिहून टाकलं, आणि इथले खासगी निरोप वाचले जातात हेही. चारच्या चहापर्यंत एकोणीस जण निघून गेले.

"आपा, कायले डोकं धरून बसली?" अफरोज म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ. शेजारच्या गाळ्यात पंपाच्या जळलेल्या मोटरींना नवी तार भरून द्यायचा. "मशीन रोज स्वतःची नक्कल ठेवते न? निरोप पुसला तरी रविवारच्या नकलेत असंल. उघड अन् पाहा कोणाले गेला. पाच मिनिटांचं काम."

"नाही."

"अगं, तुहंच नाव साफ होईन."

"एकाचा निरोप वाचला, तं राखी बोलली तेच खरं झालं. लोकाइनं बोलायच्या आधी नाही तं नंतर, पण वाचलंच न मी?"

"हे असं डोकं घेऊन दुकान चालवते तू!" अफरोज चिडून म्हणाला.

अस्माही चिडली होती. रागात माणसाला आठवू नये ते आठवतं. मशीनची मुख्य किल्ली, तो लांबलचक पासवर्ड, एका पाकिटात बंद करून तिनं कपाटात ठेवला होता. न जाणो आपल्याला काही झालं तर, म्हणून. आणि ते पाकीट कुठं आहे हे तिच्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं.

"अफरोज, सोमवारी दुकान बंद होतं तुहं. कुठं गेलता?"

अफरोजनं नजर चोरली. "तांड्यावर," तो म्हणाला.

३

अस्मा कपाटाशी गेली. सख्ख्या भावाची झडती घेण्याइतकी वाईट गोष्ट नाही, आणि ती घेताना तो मागे उभा होता.

पाकीट होतं तिथंच होतं. तोंड डिंकानं चिकटवलेलं, त्यावर तिचीच आडवी सही, आणि ती कुठंही तुटलेली नव्हती.

"झालं समाधान?" अफरोज म्हणाला. "नायकाची मोटर जळलती. अकरापासून दोनपर्यंत विहिरीवर होतो, लालीबाईचा नवरा भारत माह्यासंगच होता. राखी येऊन गेल्यावर तुले सांगितलं असतं तं तू अशीच पाह्यली असती, म्हून नाही सांगितलं."

तिनं माफी मागितली. त्यानं ती घेतली नाही.

बुधवारी सकाळी तिनं दुकानाला कुलूप लावलं आणि स्कूटी काढली. फाईल सापडायला हाताशी एकच दिवस होता. वाटेत महागावला डोमाजींच्या शेती अवजारांच्या दुकानात ती थांबली. राखीसाठी पाहिलेलं स्थळ, इंद्रजित, तिथंच कामाला होता. ओट्यावर खातं होतं, कॉम्प्युटरचा नाद होता, आणि राखी यवतमाळला गेली नाही तर ज्याचा फायदा होता असा तो एक.

"मॅडम, राखीचा नंबर लागला हेच मले काल तिच्या लिवण्यावरून समजलं," इंद्रजित म्हणाला. "सोमवारी मी बाभुळगावले गेलतो, ठिबकचे पाइप घेऊन."

"संध्याकाळीच आला परत," गल्ल्यावरून डोमाजी म्हणाले.

"अन् खरं सांगू काय?" इंद्रजितनं आवाज खाली आणला. "बायको नर्स असली तं मले चालते. पण कोणी विचारलंच नाही. दोन्हीकडचे म्हातारे परस्पर ठरवून राह्यले. तसं, ओट्याचं काय मॅडम? खरंच वाचता काय तुम्ही?"

अस्मा स्कूटीवर बसली. तांड्याच्या अलीकडे एका लिंबाखाली ती थांबली आणि मनाशी मांडू लागली. मशीनमध्ये कुणी शिरलं नाही. मी वाचलं नाही. राखी आणि लालीबाई दोघींनी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे निरोप कुणी चोरलाच नव्हता. मग तो गेला कसा?

तिनं फोन उघडला. खासगी निरोप वाचायचे नव्हते, पण लालीबाई जे ओट्यावर सगळ्यांसाठी लिहायची ते वाचायला कुणाची मनाई नव्हती. सातवी शिकलेली लालीबाई लिहायचीही छान. 'अफरोजभाऊनं मोटर नीट केली.' 'डोमाजीच्या दुकानी चांगलं बी आलं.' 'उद्या किसनसिंग पुसदले जाणार, कोणाले काही आणायचं असंल तं सांगा.' अफरोज आणि डोमाजी ही नावं साध्या काळ्या अक्षरांत होती. किसनसिंग हे नाव मात्र दर वेळी निळं. अस्माला त्यात काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. वैतागून तिनं फोन खिशात टाकला.

४

तांड्यावर नायकाचं घर आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, भारतचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. किसनसिंग नायक अंगणात खाटेवर बसले होते. साठीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. मोबाईल उशाशी पडलेला. अस्माला पाहून ते उठले नाहीत.

"मशीनवाल्या बाई, कायले पायपीट करता?" ते म्हणाले. "फाईल ज्याची त्यानं शोधावी. अन् घरी शोधावी."

राखी आतल्या दारात उभी होती. ती अस्माशी बोलली नाही.

लालीबाईनं अस्माला कोठी दाखवली. मातीची, कमरेएवढी उंच, वर लाकडी झाकण, झाकणावर कांद्यांची टोपली.

"काल तुम्ही पाह्यलं तेव्हा टोपली कुठं होती?"

"अशीच, झाकणावर. म्हून तं सोमवारी काही समजलंच नाही. फाईल खाली गव्हात होती, हातभर."

"गहू सांडले होते?"

"एक दाणा नाही."

अस्मा कोठीकडे पाहत राहिली. बाहेरचा चोर हातभर गव्हात हात घालतो, काढतो आणि पळतो. हा चोर गहू परत सारखे करून, झाकण लावून, कांदे जागच्या जागी ठेवून गेला होता. या घरच्या धान्याची ज्याला कदर होती असा माणूस.

"घरात कोण कोण येते?"

"आम्ही दोघंच. राखीच्या काकाइले तं फाईलचं ठाऊकच नाही, त्याइच्याजवळ मोबाईलबी नाही. सोमवारी दोघं शेतात होतो. शेजारी ते राह्यतात, पण मी घरी असली का ते उंबरा चढत नाहीत."

"ते म्हणजे?"

"ते न," लालीबाईनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला आणि भिंतीकडे मान केली. "राखीचे बापू. माहे जेठ. मी त्याइच्याशी बोलत नाही. लग्नाले सव्वीस वर्षं झाली."

"त्याइचं नावबी घेत नाही?"

लालीबाईनं जीभ चावली. "नवऱ्याच्या मोठ्या भावाचं नाव कोणी घेते काय?"

"पण ओट्यावर तं लिवता तुम्ही. किसनसिंग पुसदले जाणार म्हून."

"मी कुठं लिवलं?" लालीबाई घाबरून म्हणाली. "मी नाव लिवत नाही. ओट्यावर त्याइच्या खात्याचा फोटो आहे न, त्यावर बोट ठेवते, नाव यंत्र लिवते. त्याचं पाप मले नाही."

तिनं खिशातून फोन काढून तळहातावर धरला.

"लालीबाई, मले एक खासगी निरोप पाठवा. आत्ता. नायक आज घरी आहेत, एवढंच लिवा."

लालीबाईनं चार शब्द लिहायला दोन मिनिटं घेतली. नायकांच्या जागी फोटोवर बोट ठेवलं, मग पाठवायचं बटण दाबलं. अस्माच्या तळहातावर घंटी वाजली.

त्याच क्षणी भिंतीपलीकडे, खाटेच्या उशाशी, दुसरी घंटी वाजली.

५

ओट्यावरचा खासगी निरोप हा बंद लिफाफा नसतो. मजकुरात ज्याचा ज्याचा पत्ता येतो, त्या प्रत्येकाच्या घरी तो पोचतो. नुसतं नाव लिहिलं तर ती काळी अक्षरं. फोटोवर बोट ठेवलं की तो पत्ता होतो, निळा होतो आणि पोचतो. जेठाचं नाव सव्वीस वर्षं तोंडातून निघू न देणाऱ्या बाईनं, ते हातूनही लिहायला नको म्हणून फोटोवर बोट ठेवलं होतं. ज्याच्यापासून लपवायचं, त्यालाच तिनं रविवारी घरपोच कळवलं होतं.

"पण खाली सूचना असते न बारीक अक्षरात!" अस्माच्या तोंडून निघून गेलं.

"असते. मले वाटलं सरकारी काही असंल."

अस्मानं ती सूचना पाहिली. 'सदर मजकूर केवळ उल्लेखित व्यक्तींनाच दृश्यमान राहील.' इंग्रजीतून मराठीत ती अस्मानंच आणली होती, आणि तेव्हा स्वतःवर केवढी खूश झाली होती! आता तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. लोक वाचत नाहीत म्हणून तीन वर्षं ओरडली, आणि लिहिलं काय, तर हे.

ती अंगणात आली. लालीबाई दाराआड उभी राहिली. राखी पुढं झाली.

"नायक, फाईल तुमच्याजवळ आहे," अस्मा म्हणाली. "रविवारी निरोप तुमाले आला. सोमवारी हे दोघं शेतात गेले तेव्हा तुम्ही कोठी उघडली. आपल्याच घरचे गहू म्हून नीट सारखे केले."

राखीनं तोंडावर हात ठेवला. "बापूले रविवारीच माहीत असतं तं त्याइनं तांडा डोक्यावर घेतला असता!"

"हाये माह्याजवळ," किसनसिंग शांतपणे म्हणाले. "पेटीत ठेवली. चोरी नाही केली मी. माह्या पोरीचे कागद माह्या भावाच्या घरून आणले."

"मंग तीन दिवस बोलले काहून नाही?"

"कोणाशी बोलू? भावजयीशी मले बोलता येत नाही." नायकांनी मिशीवरून हात फिरवला. "निरोपात लिवलं होतं, किसनसिंगले सांगू नको, ते हो म्हणणार नाहीत. मी नाही म्हणीन हे तुम्ही परस्पर ठरवलं. मले विचारलं काय कोणी? म्हटलं, फाईल गेली का पोट्टी येईन, बापू कुठं आहे म्हणीन. ही पुसदले गेली. पुऱ्या जगाले लिवलं. मी इथं आठ पावलांवर बसून होतो."

"विचारलं असतं तं हो म्हणाले असते?" अस्मानं विचारलं.

"ते मले माहीत नाही, बाई. विचारलं असतं तं कळलं असतं."

मग राखी अंगणात उतरली आणि खाटेसमोर उभी राहिली.

"बापू, फाईल द्या. मले यवतमाळले जायचं आहे."

"नाही म्हटलं तं?"

"तरी जाईन. कागद नाही दिले तं पुढच्या साली जाईन. पण विचारून राह्यली तुमाले."

किसनसिंग उठले, आत गेले. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. फाईल राखीच्या हातात देताना ते तिच्याकडे पाहत नव्हते.

"उद्या सकाळी सहाची गाडी धर," ते म्हणाले. "पाच म्हणतात ते, पण हापिसातले लोक चारलेच उठून जातात."

६

गुरुवारी राखीची जागा पक्की झाली. शनिवारी ती दुकानात आली, दारात चपला काढून. ओट्यावरचं ते लिहिणं तिनं पुसलं होतं, पण तोवर ते कुठकुठल्या परक्या मशीनवर पोचलं होतं. तिथून ते पुसलं जाईलच असं नव्हतं.

"मी खरं काय झालं ते लिवते," राखी म्हणाली. "सगळ्याइले समजू द्या."

"काय लिवशील? काकीनं नायकालेच कळवलं, हे? जेठाच्या फोटोवर रोज बोट ठेवत होती, हे?"

तांड्यावरच्या बाया लालीबाईला पाणवठ्यावर काय काय बोलतील, हे राखीला अस्मापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"मंग तुमच्या नावाचं काय?"

"काय व्हायचं ते होईन," अस्मा म्हणाली, आणि हे म्हणताना तिला मुळीच थोर वगैरे वाटलं नाही. नुसता संताप आला. लालीबाईवर, नायकावर, त्या निळ्या अक्षरांवर, सगळ्यात जास्त स्वतःवर. त्या दिवशी तिनं सूचना बदलली. 'ज्याच्या फोटोवर बोट ठेवाल, त्याला हा निरोप जाईल.' दहा मिनिटं लागली. तीन वर्षांत ती दहा मिनिटं तिला मिळाली नव्हती.

संध्याकाळी इंद्रजित आला.

"मॅडम, कळलं काय कोणी वाचलं ते?"

"कळलं."

"कोणी?"

"ते मले सांगता येत नाही. लोकाइचं खासगी आहे."

इंद्रजितनं मान हलवली, समजूतदारपणे, आणि त्या समजूतदारपणाचाच तिला सगळ्यात राग आला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "तुम्ही असंच सांगणार. मॅडम, माहं खातं दुसऱ्या मशीनवर हलवता येते म्हणतात, सगळ्या ओळखीपाळखीसहित. खरं आहे काय?"

खरं होतं. ओट्याचा तोच तर मोठेपणा होता, तिनंच त्याला सांगितला होता. जायचं त्याला आपलं सगळं घेऊन जाता आलं पाहिजे. अस्मानं त्याला शेजारी बसवलं आणि अर्धा तास खपून, एकेक पायरी समजावत, त्याचं खातं दूरच्या कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या मशीनवर हलवून दिलं.

"तिथं कोणी वाचत तं नाही न?" उठताना त्यानं विचारलं.

"मले काय माहीत? तिथल्या माणसाले विचार."

तो गेला. ओट्यावर आता सत्त्याऐंशी माणसं उरली होती. त्यांच्यातल्या एकाचाही निरोप अस्मानं कधी वाचला नव्हता, आणि हे कुणाला पटवून द्यायला तिच्याकडे तिच्या शब्दाशिवाय काही नव्हतं.